सध्या काय वाचताय? : चौदा ते अठरावाल्यांच्या कादंबऱ्या (आणि त्या गुपचूप वाचणारे आपण)

मोगरा_इंदिरानगर | शनिवार, रात्री ११:५२

मंडळी, कबुलीजबाब देते. वय वर्षे ४३. भाची सुट्टीत राहायला आली होती, नववीतली. जाताना पलंगाखाली एक पुस्तक विसरून गेली. कुरियर करायच्या आधी म्हटलं दोन पानं चाळून बघू, आहे तरी काय. 'द हंगर गेम्स'. (२००८ चं आहे म्हणे, म्हणजे जगाने वाचून झाल्यावर माझ्यापर्यंत पोचलं.) रात्री दोन वाजता नवऱ्याने दिवा बंद केला, तर मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उरलेलं वाचलं. दूध उतू गेलं ते वेगळंच, पहाटे तापवत ठेवलं होतं.

आता प्रश्न असा की ही जी पुस्तकं असतात, ज्यांना तिकडे 'यंग अडल्ट' म्हणतात, आपण कुमार कादंबरी म्हणू, ती इथे कोण कोण वाचतं? मुलांसाठी आणलेली चालतील, स्वतःसाठी आणलेली तर त्याहून चालतील. नुसती यादी टाकू नका प्लीज, याद्या गुगल देतो. आवडलं तर का, फेकून द्यावंसं वाटलं तर कुठल्या पानावर, ते लिहा. मराठीतलं असेल तर आधी तेच सांगा, कारण भाचीला पुढच्या महिन्यात वाढदिवसाला मराठी पुस्तक द्यायचंय आणि माझी गाडी 'फास्टर फेणे'च्या पुढे जात नाहीये.

---

निळी_शाई | रविवार, सकाळी ७:१५

वाचनखूण साठवली. दुधाबद्दल सहानुभूती.

---

सातपूरचा_फिटर | रविवार, सकाळी ९:०३

मोगराताई, मी 'द आउटसायडर्स' वाचतोय. दुसऱ्यांदा. डोंगरे वसतिगृह मैदानावर पुस्तकांचं प्रदर्शन लागलं होतं, तिथे जुन्या ढिगात सापडलं, मागचं कव्हर फाटलेलं.

लिहिणारी बाई, एस. ई. हिंटन, हिने सुरुवात केली तेव्हा ती पंधरा वर्षांची होती आणि १९६७ ला पुस्तक आलं तेव्हा अठराची. पूर्ण नावाऐवजी आद्याक्षरं छापली, कारण प्रकाशकाला भीती, की पोरांच्या मारामाऱ्यांचं पुस्तक मुलीने लिहिलंय म्हटल्यावर परीक्षण लिहिणारे पुरुष आधीच नाक मुरडतील. तीन भाऊ, आईबाप अपघातात गेलेले. मधला कामाला, धाकटा पोनीबॉय चौदाचा, तोच गोष्ट सांगतो. सगळ्यांत मोठा डॅरी वीस वर्षांचा, छपरं घालायच्या कामावर जातो, कॉलेज राहून गेलेलं.

सगळे पोनीबॉयवर फिदा असतात. मी डॅरीवर थांबलो. वडील गेले तेव्हा मी एकोणीसचा आणि भाऊ दहावीत. मी आयटीआय करून कंपनीत लागलो. भावाला वाटायचं मी उगाच ओरडतो, उशिरा आला की जेवायला वाढत नाही. या पुस्तकात धाकट्याला नेमकं तसंच वाटतं. पहिल्या वाचनात मला त्या पोराचा राग आला होता. आता भाऊ स्वतः बाप झालाय, त्याला देणार आहे. देताना काही बोलणार नाही.

---

दहीपूलकर | रविवार, दुपारी १२:४०

स्पष्ट बोलतो, हलके घ्या. हे 'कुमारांसाठी वेगळं' प्रकरण मला दुकानदारीचं वाटतं. आमच्या वेळी पोरं सावानात जायची (आपलं नाशिकचं सार्वजनिक वाचनालय, स्थापना १८४०, इंदिरानगरवाल्यांनी एकदा तरी पायरी चढावी), काउंटरवर हाताला येईल ते घ्यायची. मी सोळाव्या वर्षी 'कोसला' वाचली. अर्धी कळली नाही, म्हणून पुन्हा वाचली. बारा ते अठराचा स्वतंत्र कप्पा करून काय साधतं? मऊ भात भरवल्यासारखं. आणि ज्यांना कुमारांसाठीच हवंय त्यांना 'श्यामची आई' आहे. आपल्याच गावात लिहिलेली आहे.

---

निळी_शाई | रविवार, दुपारी १:२२

काका, शेवटचं वाक्य अगदी खरं. नाशिकच्या तुरुंगात, फेब्रुवारी १९३३ मध्ये, पाच दिवसांत लिहून झाली. तो वेग आजही थक्क करतो.

पण तुम्ही दिलेलं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं असं मला वाटतं. 'श्यामची आई'त बोलतो कोण? मोठा झालेला श्याम. आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री एक आठवण सांगतो. आई जाऊन काळ लोटलाय, त्या वेळी काय चुकलं ते त्याला आता कळलंय. 'कोसला'तला सांगवीकरसुद्धा पंचविसाव्या वर्षी मागे वळून सांगतो. (१९६३ ला ती आली तेव्हा नेमाडेही पंचवीसचेच होते.)

मोगराच्या पुस्तकातली मुलगी सोळाची आहे आणि पुढच्या पानावर आपण जिवंत असू की नाही हे तिला माहीत नाही. आठवण सांगण्याइतकी तिला उसंतच नाही. कुमार कादंबरी म्हणजे मऊ भात नव्हे, काका. सांगणाऱ्याला अजून शहाणपण आलेलं नाही, एवढाच काय तो फरक. विषय म्हणाल तर मरण, भूक, खून, सगळं असतं.

---

दहीपूलकर | रविवार, दुपारी १:३५

विचार करतो. जेवण झाल्यावर.

---

लिफ्टवाली | रविवार, दुपारी ४:१०

मी पाथर्डी फाट्याला सातव्या मजल्यावर राहते हे आधी सांगते, कारण पुढे लागणार आहे.

पुस्तक : जेसन रेनॉल्ड्सचं 'लाँग वे डाउन', २०१७. मुलगा पंधराचा, विल. मोठ्या भावाला गोळी घातलीय. वस्तीचे तीन नियम : रडायचं नाही, चुगली करायची नाही, सूड घ्यायचा. हा भावाचं पिस्तूल कमरेला खोचून लिफ्टमध्ये शिरतो. लिफ्ट खाली यायला लागतं एक मिनिट, आणि पुस्तक तेवढ्या एका मिनिटाचं आहे. वाटेत मजल्यामजल्यावर लिफ्ट थांबते आणि एकेक जण आत येतो. कोण येतं ते सांगत नाही.

सगळं मुक्तछंदात आहे. काही पानांवर चार ओळी, काहींवर त्याहून कमी, बाकी पान कोरं. माझा लेक दहावीत. त्याने शेवटचं आख्खं पुस्तक कधी वाचलं तर बहुतेक बालभारतीचं, तेही परीक्षेसाठी. मी हे मुद्दाम जेवणाच्या टेबलावर उघडं ठेवलं. त्याने पान बघितलं, "हे तर अर्धं रिकामंच आहे" म्हणाला, आणि जाडी बघून घाबरायचं राहून गेलं. दीड तासात संपवलं. संपल्यावर माझ्याशी बोलला नाही. चपला घातल्या, मोबाइलचं स्टॉपवॉच लावलं आणि आमच्या लिफ्टने खाली गेला.

अडतीस सेकंद. परत वर येऊन एवढंच म्हणाला, "आई, आपली फास्ट आहे. त्याला विचार करायला वेळ मिळाला."

मी हे वाक्य महिनाभर डोक्यात घेऊन फिरतेय.

---

सातपूरचा_फिटर | रविवार, दुपारी ४:३१

आज रात्रीच मागवतो.

---

अर्धविराम | रविवार, रात्री ९:४७

मी अनुवादाची कामं करते (मॅन्युअल, माहितीपत्रकं, पोटापाण्यापुरती). मनापासून करायचं होतं ते असं एखादं पुस्तक. हौसेने तीन वेळा पहिली वीस पानं केली आणि तीन वेळा अडले. कुठे अडले ते सांगते, इथल्या लोकांना रस वाटेल.

एक, 'हंगर गेम्स'. सगळं वर्तमानकाळात आहे. मराठीत "मी धावते, मी झाडावर चढते" लिहिलं की ते रोजचा दिनक्रम सांगितल्यासारखं वाटतं, सकाळी उठते, दात घासते, झाडावर चढते. "धावतेय, चढतेय" केलं तर चौथ्या ओळीला कान किटतात. भूतकाळात नेलं तर निळी_शाईने वर सांगितलं तेच मरतं, म्हणजे ती जगली हे पहिल्याच पानावर कळतं.

दोन, मार्कस झुसॅकचं 'द बुक थीफ'. नाझी जर्मनी, लीझल नावाची मुलगी, पुस्तकं चोरते. पहिलं चोरते ते कबरी खणणाऱ्यांचं हस्तपुस्तक, भावाच्या दफनाच्या वेळी सापडलेलं, आणि तेव्हा तिला वाचताही येत नसतं. गोष्ट सांगतो खुद्द मृत्यू. आता गंमत बघा, इंग्रजीत त्याचं लिंग ठरवावं लागत नाही. मराठीत पहिल्या क्रियापदाला ठरवावं लागतं. "मी आलो" की "मी आले"? मृत्यू पुल्लिंगी, तर मौत आपल्या कानांना बाई. मरण नपुंसकलिंगी, मग "मी आलं"? लेकरू बोलल्यासारखं? हे शेवटचं मला एक आठवडाभर फार आवडलं होतं, मग भीती वाटली. आणि यम म्हटलं की रेडा येऊन उभा राहतो, जर्मनीतल्या बर्फात.

तीन, शिव्या. यावर वेगळा धागा काढावा लागेल.

'हॅरी पॉटर'च्या पहिल्या भागाच्या मराठी नावात 'परीस' आहे, ते ज्यांना सुचलं त्यांना मी मनातल्या मनात रोज नमस्कार करते. एक शब्द, आणि दगड इथला झाला.

अवांतर : याच 'बुक थीफ'ला ऑस्ट्रेलियात मोठ्यांचं पुस्तक म्हणून आणलं आणि अमेरिकेत कुमारांचं म्हणून. तेव्हा कप्प्यांबद्दल काकांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही.

---

दहीपूलकर | रविवार, रात्री १०:०५

धन्यवाद. "अगदीच टाकाऊ नाही" हे मी फ्रेम करून लावतो.

"मी आलं" ठेवा. मला चाललं.

---

त्रिमूर्ती_चौक | सोमवार, सकाळी ८:२०

अर्धविराम, प्रतिसाद फार आवडला. त्याला जोडून माझं दुखणं मांडतो.

मी सिडकोत वाढलो. घरात आजीशी अहिराणी ("काय करी ऱ्हायना रे?" ही आमची हजेरी), मैदानावर हिंदी, शाळेत गुरुजींसमोर पुस्तकी मराठी, आणि आता माझी मुलगी तर अर्धं वाक्य इंग्रजीत बोलते. पंधरा वर्षांच्या नाशिककर पोराच्या डोक्यात चालणारी भाषा ही आहे, चारही एकत्र. ती छापलेली मी एकाही पुस्तकात बघितली नाही. मराठी कुमार कादंबरीतली बरीच मुलं बातम्या देतात तशी बोलतात. पात्राचं नाव आजचं ठेवतात, मोबाइल हातात देतात आणि तोंड उघडलं की "अरे मित्रा, चल आपण शोध घेऊया".

हे जमतं कुणाला? प्रकाश नारायण संतांना जमलं. त्यांच्या कथांतला पोरगा, लंपन. 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर'. कादंबरी नाही, कथा आहेत, पण ओळीने वाचल्या की पोरगं डोळ्यांदेखत मोठं होतं. बेळगावकडची कानडी वळणाची मराठी, ते विचित्र मोठमोठे आकडे, ती सुमी. आणि ही पुस्तकं आली तेव्हा संत पन्नाशी ओलांडलेले होते, म्हणजे लिहिणारा लहानच हवा असंही काही नाही. कान हवा. मोगराताई, भाचीला 'वनवास' द्या. डोळे मिटून.

---

मोगरा_इंदिरानगर | सोमवार, सकाळी ११:१४

नोंद केली. पण नववीतल्या मुलीला लंपन लहान वाटेल का? आणि 'शाळा' द्यावी का हाही विचार चाललाय. मिलिंद बोकिलांची. बहिणीचं मत विचारलं तर "त्यात लाइन मारणं वगैरे आहे ना" म्हणाली. तिच्या मुलीच्या पलंगाखाली जे सापडलं त्यात चोवीस मुलंमुली एकमेकांना मारायला सोडलेली आहेत, हे मी तिला सांगितलेलं नाही.

---

चष्मेबद्दूर_टीचर | सोमवार, दुपारी ३:३८

हाहा. हेच सगळीकडे. मी एका शाळेत शिकवते (नाव नाही सांगत, नोकरी हवीय). आमच्याकडे ग्रंथालय म्हणजे स्टाफरूममधलं काचेचं कपाट. किल्ली एका मॅडमकडे, मॅडम प्रसूती रजेवर, किल्ली त्यांच्या घरी. सहा महिने मुलांनी काचेतून पुस्तकांच्या पाठी वाचल्या. एका मुलाला पन्नासेक नावं क्रमाने पाठ झाली होती, खरंच.

शेवटी मी वर्गात स्वतःची पिशवी ठेवली. 'शाळा'ची माझी प्रत त्यात होती. २००४ ची कादंबरी, आणीबाणीच्या काळातली, त्या मुलांच्या आईवडिलांच्याही आधीची शाळा. मला वाटलं यांना परकी वाटेल. प्रत परत आली तेव्हा पुठ्ठा वेगळा झाला होता आणि आत कुणीतरी शिरोडकरच्या (गोष्ट सांगणाऱ्या मुलाला आवडणारी वर्गातली मुलगी) प्रत्येक उल्लेखाखाली पेन्सिलने बारीक टिंब दिलं होतं. रेघ मारायचं धाडस नव्हतं, टिंब. मी ती खोडली नाहीत.

पण एक तक्रार आहेच. मुलींनी वाचली, आवडली, आणि मग एकीने विचारलं, "मॅडम, शिरोडकरला काय वाटत होतं ते कुठल्या पुस्तकात आहे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मोठे लोक या वयाकडे कसे बघतात त्याचा एक नमुना : साहित्य अकादमीचा बाल साहित्य पुरस्कार आहे, आणि युवा पुरस्कारही आहे, पण तो लेखक पस्तिशीच्या आतला असावा म्हणून. वाचक युवा असण्याशी त्याचा संबंध नाही. 'किशोर' मासिक १९७१ पासून चालू आहे, चांगलं आहे, पण माझ्या आठवीच्या मुलांना ते हातात धरायची लाज वाटायला लागते. त्यानंतर एकदम 'मृत्युंजय'. मधला जिना नाही.

---

त्रिमूर्ती_चौक | सोमवार, दुपारी ३:५५

शिरोडकरच्या बाजूने कुणीतरी लिहायलाच हवं. टिंबावाल्या पोराने लिहावं.

---

निळी_शाई | सोमवार, दुपारी ४:०२

टिंबं मुलाने दिली असं का धरलं तुम्ही?

---

त्रिमूर्ती_चौक | सोमवार, दुपारी ४:०९

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

---

कागदी_होडी | सोमवार, रात्री ८:३०

नमस्कार. मी सोळा वर्षांची आहे, अकरावी, कॉलेज रोड. बाबा इथे येतात, मी त्यांच्या मागून वाचत होते. त्यांनी खातं काढून दिलं.

काका-काकू लोकहो, तुम्ही आमच्याबद्दल छान बोलताय पण आम्हाला विचारलं नाही कुणी. म्हणून सांगते.

मला नाशिकची मुलगी नकोय पुस्तकात. म्हणजे असली तर असू दे, पण ती सिटीलिंकच्या बसने क्लासला जाते, आईशी भांडते, मैत्रीण बोलत नाही म्हणून रडते, हे मी रोज करते. त्यासाठी पुस्तक कशाला? मला राजवाडे, खून, भुतं, दुसरे ग्रह पाहिजेत. आणि ते मराठीत मिळत नाही म्हणून मी इंग्रजी वाचते. इंग्रजीची हौस म्हणून नाही. भाषेचं दुःख नंतर करा, आधी ड्रॅगन द्या. गोदावरीतून निघालेला असला तरी चालेल, दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत पाणी आलं की बाहेर येणारा.

दोन, एका मुलीवर दोन मुलं प्रेम करतात आणि तिला ठरवता येत नाही, हे बंद करा. खूप झालं. जग बुडतंय आणि ही याचे डोळे हिरवे की त्याचे करड्या रंगाचे यात अडकलीय.

तीन, शेवटी मोठं माणूस येऊन समजावून सांगतं ते पान मी वाचतच नाही. आम्ही कुणीच वाचत नाही. मराठी पुस्तकात ते पान हमखास असतं.

'बुक थीफ' मी तीनदा वाचलंय. त्यात लीझलला तिचा पप्पा रात्री तळघरात भिंतीवर रंगाने शब्द लिहून वाचायला शिकवतो. तो उपदेश करत नाही. त्याला स्वतःलाही नीट वाचता येत नसतं. म्हणून तो पप्पा मला आवडतो.

अर्धविराम मावशी, "मी आलं" खूप भारी आहे. प्लीज ठेवा. भीती वाटली पाहिजेच ना.

---

अर्धविराम | सोमवार, रात्री ८:४४

ठेवलं. चौथ्यांदा सुरू करतेय. पहिलं पान झालं की तुला पाठवते, तू तपास.

---

लिफ्टवाली | सोमवार, रात्री ९:०१

होडी, शेवटच्या पानाचं वाचून लेक म्हणाला, "हिला लाइक कर." केलं.

---

दहीपूलकर | सोमवार, रात्री ९:२६

कु. होडी, तुमचा मुद्दा क्रमांक तीन मला टोचला. मी नातवाला जी पुस्तकं दिली त्या सगळ्यांत ते पान होतं. काहींत मी ते मोठ्याने वाचून दाखवलं.

लिफ्टवाली ताई, तुमचं ते पुस्तक आठवडाभर मिळेल का? इंग्रजी माझं यथातथाच आहे, पण अर्धं कोरं आहे म्हणालात म्हणून धीर आला. मी दर गुरुवारी सावानात असतो, दुपारी चार ते सहा.

---

लिफ्टवाली | मंगळवार, सकाळी ७:५०

गुरुवारी आणून देते काका. आत लेकाने पेन्सिलने काही लिहिलंय, तेवढं खोडू नका.

---

मोगरा_इंदिरानगर | मंगळवार, दुपारी २:१७

निर्णय : 'वनवास' आणि 'शाळा' दोन्ही घेतली. बहिणीला 'वनवास'च सांगणार. होडी, तुझा ड्रॅगन सापडला तर या धाग्यावर कळव, पुढच्या वर्षीचा वाढदिवस आहेच. आणि हंगर गेम्सचा दुसरा भाग कुणाकडे आहे? भाचीला विचारू शकत नाही, पहिला अजून कुरियर केलेला नाही.

---

दहीपूलकर | शुक्रवार, पहाटे ५:१२

काल रात्री वाचून झालं. डिक्शनरी अकरा वेळा उघडली. आमचं घर दोन मजली, लाकडी जिन्याचं, लिफ्ट नाही. पायऱ्या उतरून खाली ओसरीवर बसलोय. एकोणीस आहेत, आजवर कधी मोजल्या नव्हत्या.

ताई, तुमच्या लेकाने शेवटच्या पानावर लिहिलेला प्रश्न वाचला. खाली माझं उत्तर लिहावंसं वाटलं, लिहिलं नाही. पुस्तक गुरुवारी परत आणतो. त्याला यायला जमेल का?

---

लिफ्टवाली | शुक्रवार, सकाळी ६:५८

क्लास आहे म्हणतोय. बुडवेन म्हणतोय. मी ऐकलं नाही असं करतेय.